लांबलेला टोला आणि अपुरी पडणारी जमीन

बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराईच्या खाडीकाठी मुंबई महापालिकेची जुनी कचराभूमी आहे. १९७२ पासून २००७ पर्यंत उपनगरांचा कचरा तिने पोटात घेतला आणि नंतर शास्त्रीय पद्धतीने झाकून ती बंद करण्यात आली. तिचे क्षेत्रफळ वीस हेक्टरांच्या आसपास आहे. तेवढ्या जमिनीपायी शेजारच्या वस्त्यांनी किती वर्षे तक्रारी केल्या, हे उपनगरवासीयांच्या स्मरणात असेल. व्यावसायिक स्पर्धांना साजेशा अठरा खळग्यांच्या गोल्फ मैदानास साधारणपणे याच्या तिप्पट, म्हणजे साठ हेक्टरांच्या घरात जमीन लागते. ही गरज गेल्या चार दशकांत वाढत गेली आहे आणि तिचे कारण एवढेच, की खेळाडूचा चेंडू पूर्वीपेक्षा लांब जातो.

गोल्फ हा मूठभरांचा खेळ, त्याच्याशी शिक्षकाचा वा कारकुनाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. संबंध जमिनीचा आहे, पाण्याचा आहे आणि त्याहूनही एका व्यापक प्रश्नाचा आहे. साधन जेव्हा माणसाच्या गरजेपेक्षा सामर्थ्यवान होते, तेव्हा साधनाला आवर घालावयाचा की त्याच्यासाठी भोवतालचे जग ताणत न्यावयाचे? गोल्फच्या नियंत्यांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर १९८० साली खेळाडूंच्या पहिल्या टोल्याची सरासरी सुमारे २५७ यार्ड होती. त्या वर्षी सर्वांत लांब मारणारा डॅन पोल हा २७४ यार्डांची सरासरी राखून होता. १९९७ मध्ये जॉन डॅलीने तीनशे यार्डांची सरासरी प्रथमच ओलांडली, तेव्हा तो चमत्कार मानला गेला. २०२३ साली संपूर्ण दौऱ्याचीच सरासरी तीनशे यार्डांना भिडली. कालचा विक्रम आज सामान्य खेळाडूची मजुरी झाला.

यामागे तीन कारणे एकत्र आली. पहिले काठीचे. लाकडी डोक्याच्या काठ्या जाऊन आधी पोलादाच्या आणि पुढे टायटॅनियमच्या आल्या. हलक्या धातूमुळे डोके मोठे करता आले आणि टोला थोडा चुकला तरी चेंडू पळू लागला. दुसरे कारण चेंडूचे. रबरी धाग्यांच्या गुंडाळीचा जुना चेंडू जोरात मारला की फार फिरकी घेई आणि हवेत वर उसळून आपला वेग गमावी. २००० साली बाजारात आलेल्या भरीव गाभ्याच्या चेंडूने लांब टोल्याच्या वेळची ही फिरकी कमी केली, पण हिरवळीजवळच्या नाजूक फटक्यासाठी लागणारी फिरकी मात्र टिकवली. पूर्वी खेळाडूला अंतर किंवा नियंत्रण यांपैकी एकाची निवड करावी लागे; ती निवडच संपली. तिसरे कारण खुद्द खेळाडूचे. व्यायामशाळा आणि टोल्याचे अंशाअंशाने मोजमाप करणारी यंत्रे यांनी घडवलेला आजचा गोल्फपटू हा पूर्वीच्या पिढीहून वेगळ्याच बांध्याचा आहे. या तिसऱ्या कारणास कोणी दोष देणार नाही. परिश्रमाचे फळ खेळाडूस मिळालेच पाहिजे.

परिणाम मात्र मैदानांना भोगावे लागले. अमेरिकेतील ऑगस्टा येथील प्रसिद्ध मैदान १९९७ साली ६,९२५ यार्डांचे होते. २००६ मध्ये ते ७,४४५ यार्डांवर गेले आणि आता साडेसात हजारांच्याही पुढे आहे. ज्याला गोल्फचे माहेरघर म्हणतात त्या सेंट अँड्रूज येथे तर २०१० साली सतराव्या खळगीचा आरंभबिंदू चाळीस यार्ड मागे नेण्यासाठी मैदानाच्या हद्दीबाहेर जावे लागले. शतकानुशतके पुरलेली जागा एका चेंडूला पुरेना! खेळाची चवही पालटली. २०२० सालची अमेरिकन खुली स्पर्धा ब्रायसन डीशॅम्बोने सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा ५६ पैकी केवळ २३ वेळा त्याचा पहिला टोला कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर पडला होता. शक्य तितके लांब मारावे, चेंडू दाट गवतात गेला तरी तेथून हिरवळ जवळच असते, हा त्यामागील हिशेब. एके काळी पहिला टोला कोठे पडावा याचा विचार हेच गोल्फचे मर्म होते. ते मर्म अशा खेळात गौण ठरते.

येथे शाळेतील भूमितीची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. टोला दहा अंशांनी चुकला तर २५० यार्डांवर चेंडू मधल्या रेषेपासून सुमारे ४४ यार्ड दूर जातो. ३०० यार्डांवर तोच दोष ५३ यार्डांचा होतो. म्हणजे मैदान लांब करून भागत नाही, ते रुंदही करावे लागते. लांबी आणि रुंदी दहा-दहा टक्क्यांनी वाढली की क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि तितक्याच प्रमाणात पाणी, खत व निगराणी यांचा खर्च चढतो.

ही चैन मुंबईला परवडणारी नाही. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची स्थापना १९२७ सालची. या मैदानावर व्यावसायिक स्पर्धा झाल्या आहेत, परंतु त्याची लांबी साडेसहा हजार यार्डांच्या आतच आहे आणि चारही बाजूंनी शहर त्याला भिडले आहे. ताडदेवच्या विलिंग्डन क्लबची व कुलाब्याच्या मैदानाची स्थिती याहून निराळी नाही; एकाच्या कडेला रस्ते व इमारती, दुसऱ्याच्या कडेला समुद्र. नवी जागा शोधावी तर ती खाडीकाठीच उरली आहे. नेरूळच्या पाणथळ भूमीवर गोल्फ मैदान व निवासी इमारती उभारण्याचा बेत २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. गोराई-उत्तनच्या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्र आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा तेथील शेतकरी व कोळी बांधवांनी त्यांना कसून विरोध केला. खारफुटी आणि भाताची खाचरे यांचे मोल त्यांना ठाऊक होते. अशा प्रदेशात ‘मैदान वाढवा’ हे उत्तर कोणी देऊ धजणार नाही.

आखूड मैदानाने खेळ उणा होतो, हा समजही खरा नाही. दिल्ली गोल्फ क्लबचे लोधी मैदान सात हजार यार्डांच्या आतले; पण दुतर्फा दाट झुडपे आणि मधून अरुंद वाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपूर्वी, लांब मारण्याबद्दल ख्यातनाम असलेल्या रोरी मॅकिलरॉयने सर्वांत लांब टोल्याची काठी आपण येथे बहुधा वापरणारच नाही, असे सांगून टाकले. ती स्पर्धा टॉमी फ्लीटवूडने जिंकली. याच मैदानावर २००८ साली इंडियन मास्टर्स आणि २०१६ साली इंडियन ओपन जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावरील हिरवळ राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा. त्याचा टोला कधीच लांब नव्हता; हिरवळीभोवतीची त्याची जादू हेच त्याचे भांडवल. कॅडीचे काम करीत, जुन्या काठ्यांवर शिकत वर येणाऱ्या मुलांना मोठी व्यायामशाळा आणि महागडी यंत्रे लाभत नाहीत. हाताचे कसब लाभते. त्या कसबाला किंमत उरेल की नाही, हे अंतराच्या प्रश्नावर अवलंबून आहे.

म्हणूनच खेळाच्या दोन नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये केलेली घोषणा महत्त्वाची ठरते. यंत्राने ठरावीक वेगाने मारलेला चेंडू ३१७ यार्डांपलीकडे जाऊ नये, त्यात तीन यार्डांची सवलत असावी, हा दंडक २००४ पासूनचा आहे. मात्र तो वेग ताशी १२० मैल धरला जाई. नव्या घोषणेत तो १२५ मैल केला गेला. अर्थात आजचे लांब जाणारे चेंडू या कसोटीत नापास होतील. व्यावसायिकांसाठी २०२८ आणि इतर सर्वांसाठी २०३० अशी मुदत त्या घोषणेत होती. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड यामुळे घटतील आणि हौशी खेळाडूचे पाचांहून अधिक घटणार नाहीत, असा या संस्थांचा अंदाज आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते सर्वच पोकळ नाहीत. प्रेक्षकांना उत्तुंग टोला आवडतो. चेंडूचे कारखानदार आपल्या संशोधनाचा दाखला देतात. हौशी माणसाच्या आनंदात कपात का, असाही प्रश्न विचारला जातो. परंतु साधनाला लगाम घातल्याने खेळ मेला, असे उदाहरण सापडत नाही. १९८४ साली उवे होनने १०४.८० मीटर भालाफेक केली, तेव्हा स्टेडियम वाढविण्यात आली नाहीत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवून त्याची झेप कमी करण्यात आली. त्याच भाल्याने मे २०२५ मध्ये नीरज चोप्राने ९०.२३ मीटरचे अंतर गाठले आणि देशाने त्याला डोक्यावर घेतले. १०४ मीटरांपेक्षा हे कमी आहे, अशी तक्रार कोणी केली नाही. क्रिकेटमध्येही २०१७ पासून बॅटच्या कडेची जाडी ४० मिलिमीटरांवर रोखण्यात आली. षटकारांची रंगत त्याने ओसरली नाही.

खेळातील पराक्रम हा मर्यादेच्या आत घडतो म्हणूनच त्याची मोजदाद होते. पंधरा यार्डांची ही माघार पुरेशी आहे काय, याबद्दल मतभेद होतील. कदाचित काही वर्षांनी आणखी पावले उचलावी लागतील. पण दिशा योग्य आहे. जी जमीन नव्याने निर्माण करता येत नाही तिच्यावर भार टाकण्यापेक्षा, माणसाने बनविलेल्या ४६ ग्रॅमांच्या चेंडूला चार गोष्टी ऐकविणे हेच शहाणपणाचे आणि न्यायाचेही आहे.