मैत्रीची परिभाषा : जीन वेब्स्टरच्या दोन पत्रकादंबऱ्या

मुलींसाठी लिहिलेल्या महाविद्यालयीन कादंबऱ्यांची गणना सामान्यतः करमणुकीच्या वाङ्मयात होते. वसतिगृहातील खोली, परीक्षेची धास्ती, सुटीतला पाहुणचार आणि अखेरीस विवाह, हा त्यांचा ठरीव साचा होय. परंतु या साच्यातही भाषा आणि सामाजिक दर्जा यांचा संबंध किती सूक्ष्मपणे टिपता येतो, हे अमेरिकन लेखिका जीन वेब्स्टर (१८७६–१९१६) हिच्या लेखनावरून दिसते. १८६५ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेल्या व्हासार महाविद्यालयाची ती १९०१ ची पदवीधर.

तिच्या ‘डॅडी लाँग लेग्ज’ (१९१२) या कादंबरीची नायिका जेरुशा ॲबट अनाथालयात वाढलेली आहे. एका अज्ञात उपकारकर्त्याच्या द्रव्यसाहाय्याने ती महाविद्यालयात येते. त्याला लिहिलेली तिची पत्रे म्हणजेच ही कादंबरी. इंग्रजी ही तिची स्वतःचीच भाषा. तरीही सहाध्यायिनींचे बोलणे तिला परके वाटते. मायकेलअँजेलो हा कोणी देवदूत असावा, या तिच्या समजुतीला सारा वर्ग हसतो. वस्तुतः मायकेल हे ख्रिस्ती परंपरेतील श्रेष्ठ देवदूताचे नाव आणि ‘एंजल’ म्हणजे देवदूत, हे ध्यानी घेता तिचा तर्क भाषिक दृष्ट्या असंबद्ध नाही. उणीव आहे ती सामायिक संदर्भांची. ज्या बालपणात अशी नावे सहज कानी पडतात, ते तिला लाभलेले नाही. म्हणूनच इतर मुलींनी लहानपणी वाचलेली ‘लिटल विमेन’ ती गुपचूप विकत आणते.

वाचनाने शब्द मिळविता येतात. पूर्वायुष्य मिळविता येत नाही. सॅली मॅकब्राइड या मैत्रिणीस ती सांगते, की आईवडील हयात नाहीत व एक सद्गृहस्थ शिक्षणाचा भार उचलतात. अनाथालयाचा उल्लेख ती टाळते. विधान खरे आहे, परंतु अपुरे.

या अपुरेपणाची भरपाई ‘डिअर एनिमी’ (१९१५) या उत्तरभागात होते. त्याच अनाथालयाची व्यवस्था सॅलीकडे येते आणि आता ती विवाहित जेरुशाला पत्रे लिहू लागते. आनुवंशिकतेविषयीच्या तत्कालीन, आज त्याज्य ठरलेल्या कल्पना या पुस्तकात आहेत, हे नमूद केले पाहिजे. तथापि, जी वास्तू एकीने दुसरीपासून लपविली होती, तिचीच रोजची हकीकत येथे दोघींच्या पत्रव्यवहाराचा विषय होते. मैत्रीला समान भूतकाळ लागतोच असे नाही. तो निःसंकोच बोलता यावा एवढे पुरते, हे या दोन पुस्तकांच्या एकत्रित वाचनातून स्पष्ट होते.