चार वाटांची केबल

एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला जोडली की दोनेक सेकंदांत तिचं चिन्ह पडद्यावर येतं. तेवढ्या वेळात लिनक्सच्या कर्नलला एक निर्णय घ्यावा लागतो : या डिस्कशी जुन्या प्रोटोकॉलने बोलायचं की नव्या? डिस्क आपली ओळख सांगते तेव्हा हेक्साडेसिमलमधला 50 हा आकडा जुन्या प्रोटोकॉलची खूण असतो आणि 62 हा नव्याची. बऱ्याच डिस्क दोन्ही सांगतात. मग सूत्रं जुन्या `यूएसबी-स्टोरेज` ड्रायव्हरकडे राहतात किंवा `यूएएस` नावाच्या नव्या ड्रायव्हरकडे जातात. हा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये कसा आला, कसा अडखळला आणि कसा टिकला, ते कामाबद्दल आस्था असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

जुना प्रोटोकॉल 1999 सालचा. 31 बाइटचा हुकूम जातो, मग डेटा, मग 13 बाइटचं उत्तर. ते उत्तर येईपर्यंत पुढचा हुकूम देता येत नाही. घरचा गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जावं आणि आपलं दळण होईपर्यंत दुसऱ्या कुणाला दारातही उभं राहू देऊ नये, तसा हा कारभार. सेकंदाला 12 मेगाबिट वाहणाऱ्या तेव्हाच्या केबलवर त्याचं काही बिघडत नव्हतं, आणि साधेपणामुळेच तो पेनड्राइव्हसोबत जगभर पोचला. पण 2008च्या नोव्हेंबरात यूएसबी 3.0चं मानक आलं, वेग 5 गिगाबिटवर गेला. तोवर आतल्या साटा डिस्कही एका वेळी 32 हुकूम रांगेत घेऊन आपल्या सोयीने क्रम लावायला शिकल्या होत्या. केबल वेगवान, डिस्क तयार, आणि मधला प्रोटोकॉल एकेकाला थांबवून ठेवणारा.

‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ म्हणजेच यूएएस हा त्यावरचा इलाज. यात केबलमधून चार वेगळ्या वाटा जातात : हुकमांची, उत्तरांची, आत येणाऱ्या डेटाची आणि बाहेर जाणाऱ्या डेटाची. प्रत्येक हुकमाला क्रमांक असतो. गिरणीवाला सगळ्यांचे डबे नावानिशी ठेवून घेतो, गहू एकदम दळतो, ज्वारी एकदम दळतो, आणि ज्याचं झालं त्याला हाक मारतो; इथे तेच घडतं. यूएसबी 3मध्ये डेटाच्या एकाच वाटेवर ‘स्ट्रीम’ नावाचे अनेक उपप्रवाह ठेवता येतात, त्यामुळे आलेला डेटा कोणत्या हुकमाचा हे कंट्रोलरलाच कळतं.

म्हणजे नुसता नवा ड्रायव्हर लिहून भागणार नव्हतं. खालच्या थराला आधी स्ट्रीम कळायला हवे होते. यूएसबी 3च्या कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर सॅरा शार्प यांनी लिहिला. 2009च्या सप्टेंबरात तो कर्नलमध्ये आला आणि पुढे त्यांनीच त्यात स्ट्रीमची सोय केली. तिच्या आधारावर मॅथ्यू विलकॉक्स यांनी यूएएस ड्रायव्हर लिहिला. 2011च्या जानेवारीत आलेल्या 2.6.37 या आवृत्तीत तो दाखल झाला. या ड्रायव्हरच्या वर, डिस्कला हुकूम देणारा कर्नलमधला स्कझीचा थर जसाच्या तसा राहिला; त्याच्या लेखी ही नेहमीसारखीच डिस्क.

मानक वाचून लिहिलेला कोड मानकाप्रमाणे चालतो. प्रत्यक्ष वस्तू मात्र मानकाप्रमाणे असतेच असं नाही. तक्रारी आल्या आणि काही काळ या ड्रायव्हरवर ‘मोडका’ असा शिक्का मारून तो सर्वसाधारण वापरातून काढला गेला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. लोकांची लग्नाची छायाचित्रं, हिशेबाच्या वह्या, प्रबंध अशा डिस्कवर असतात. वेगापायी ते पणाला लावण्यापेक्षा सावकाश चालणं बरं, हे कर्नल सांभाळणाऱ्या माणसांनी ओळखलं.

2014च्या जूनमध्ये 3.15 या आवृत्तीत ड्रायव्हर परत आला, तो मुख्यतः हान्स दे खुडे यांच्या खटपटीमुळे. त्यांचं सर्वांत अवघड काम होतं ते चूक झाल्यावर काय करायचं याचं. जुन्या प्रोटोकॉलमध्ये हुकूम अडकला तर एकच अडकतो. इथे वीस हुकूम चालू असताना एक अडकला, तर त्याच्यासाठी राखलेली मेमरी परत केव्हा द्यायची? लवकर दिली आणि डेटा नंतर आला, तर तो भलत्याच जागी लिहिला जाईल. प्रोटोकॉलमध्ये एकच हुकूम रद्द करायची सोय आहे. त्या सोयीचा कोड ड्रायव्हरमध्ये होताही. दे खुडे यांनी तो काढून टाकला. तो बिनचूक लिहिणं कठीण, आणि रोजच्या वापरात ती वाट कधी चालवलीच जात नाही, त्यामुळे तपासणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा डिस्क रीसेट करावी आणि सगळे हुकूम पुन्हा द्यावेत. मानकाने दिलेली सोय विचारपूर्वक नाकारायला प्रोटोकॉल पुरता कळावा लागतो.

आणि मग चिपचा प्रश्न. साटा डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारी एक ब्रिज चिप असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या डिस्कच्या रिकाम्या केसिंगमध्येही ती असते. एएसमीडिया कंपनीच्या 1051 या चिपच्या काही प्रतींना यूएएस येतच नव्हतं, काहींना येत होतं पण काही डिस्कसोबत बिघडत होतं. 1053 आणि 1153 चालत होत्या. पण या साऱ्या चिपा तेच ते ओळख क्रमांक वापरत, त्यामुळे नावावरून पारख होईना. दे खुडे यांनी दुसरी लक्षणं शोधली. चिप आपल्याला किती वीज लागते ते सांगते : 1153 तिथे 0 सांगते, 105x मालिका 36. राहिल्या 1051 आणि 1053. यूएसबी 3वर जोडल्यावर 1051 चिप 32 स्ट्रीम झेपतात म्हणते, सुरुवातीची 1053 म्हणते 16. नंतरच्या 1053 सुद्धा 32च म्हणतात, पण त्यांचा उत्पादन क्रमांक वेगळा. विजेच्या नोंदीवरून आणि स्ट्रीमच्या संख्येवरून चिप ओळखायची, हा अनुभवी वैद्याचा हात आहे आणि कोणत्याही मानकाच्या पुस्तकात तो शिकवलेला नाही. हे सगळं कोडमध्येच टिपणाच्या रूपाने लिहून ठेवलं आहे, पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

ज्यांची लक्षणं अशी नियमात बसत नाहीत, त्यांची वेगळी यादी `अनयुज्वल_यूएएस` या फाइलमध्ये आहे. कुणाला यूएएस अजिबात द्यायचं नाही, कुणाला डिस्कचं आरोग्य तपासणारे विशिष्ट एटीए हुकूम द्यायचे नाहीत, कारण ते मिळताच ती चिप गप्प होते. रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाला बाहेरची एसएसडी जोडणाऱ्यांपैकी अनेकांनी यादीत नसलेल्या केसिंगसाठी हाच उपाय हाताने केला आहे : कर्नल सुरू होतानाच्या आज्ञेच्या ओळीत चिपचे दोन क्रमांक आणि पुढे `यू` हे अक्षर, म्हणजे तिच्यापुरतं यूएएस बंद.

ही यादी वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून वाढते. नोंद घालायची पद्धत फाइलच्या माथ्यावरच सांगितली आहे : पॅच पाठवावा, नोंदीच्या वर आपला ईमेल पत्ता आणि जमल्यास थोडक्यात कारण लिहावं, सोबत `एलएसयूएसबी` या आज्ञेने दाखवलेली उपकरणाची माहिती जोडावी, आणि आधी कंपनीच्या मग उत्पादनाच्या क्रमांकाने लावलेला क्रम मोडू नये.