मोन्तेपुल्चानो : तेथील मद्य, तेथील पंडित

इटलींतील तोस्काना प्रांतांत मोन्तेपुल्चानो नांवाचें एक मध्ययुगीन तटबंदीचें गांव सुमारें ६०० मीटर उंचीच्या डोंगरकण्यावर वसलें आहे. प्रवासी तेथें बहुधा तांबड्या द्राक्षमद्याच्या लौकिकामुळें जातात. प्रस्तुत लेखकास मद्याचा परिचय नाहीं, व तो करून घेण्याचें हें वयही नव्हे; परंतु जुन्या पोथ्यांचा व कागदांचा संग्रह करणाऱ्यानें हें गांव अवश्य पाहावें असें वाटल्यावरून हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहे.

प्रातो वेशींतून आंत शिरतांच एका स्तंभावर फ्लोरेन्सच्या सत्तेचें चिन्ह असा सिंह दिसतो. पुढें चढत्या रस्त्यावर बुचेल्ली घराण्याचा वाडा लागतो. या घराण्यांतील एका पुराणवस्तुप्रेमी गृहस्थानें एत्रुस्कन लोकांचे रक्षाकलश व लॅटिन शिलालेख जमवून वाड्याच्या जोत्यांत चिणून टाकले आहेत. भिंत मोठी प्रेक्षणीय आहे. परंतु कोणता कलश कोठें व कशाशेजारीं सांपडला, हें ती भिंत सांगूं शकत नाहीं. माथ्यावरील चौकांत नगरगृह आहे आणि ज्याचा दर्शनी भाग अपुराच राहिला असें मुख्य चर्चही आहे. चर्चच्या आंत ताद्देओ दि बार्तोलो याचें इ. स. १४०१ चें वेदिचित्र आहे. जुन्या वाड्यांच्या तळघरांत ओकच्या मोठमोठ्या पिंपांतून मद्य मुरत असतें.

या मद्याचा इतिहास सांगतांना इ. स. ७८९ च्या एका दानपत्राचा आधार देतात. त्यांत आर्निपेर्त नामक धर्माधिकाऱ्यानें येथील द्राक्षमळ्याची जमीन आमियाता पर्वतावरील एका चर्चला दिल्याचा उल्लेख आहे. यावरून आजचें 'व्हीनो नोबिले' बाराशें वर्षांचें ठरविण्याचा मोह होतो. परंतु दानपत्र मळ्यापुरतेंच बोलतें. 'नोबिले' हें बिरुद अठराव्या शतकाच्या अखेरच्या कागदांत भेटतें, आणि १९६६ व १९८० सालच्या सरकारी नियमांनीं तें कायद्यानें बांधलें गेलें. नांवाचाही एक घोटाळा आहे. मोन्तेपुल्चानो याच नांवाची द्राक्षाची एक जात आब्रुत्सो प्रांतांत होते. तिचा या मद्याशीं संबंध नाहीं. येथील मद्य मुख्यतः सांजोवेझे जातीचें असून तिला स्थानिक लोक प्रून्योलो जेन्तिले म्हणतात. नामसाम्य हें प्रमाण नव्हे, हें आपणां संशोधकांस निराळें सांगावयास नको.

साक्ष किती बोलते व किती बोलत नाहीं, हें पारखण्याची विद्या ज्यानें पुढें नेली तो पंडित याच गांवचा. आंजेलो आम्ब्रोजीनी याचा जन्म येथें १४५४ सालीं झाला. गांवाच्या लॅटिन नांवावरून तो पोलित्सियानो म्हणून प्रसिद्ध झाला. बापाचा खून झाल्यावर तो फ्लोरेन्सला गेला व लोरेन्त्सो मेदिची याच्या आश्रयानें मोठा विद्वान् झाला. १४८९ सालीं छापलेल्या 'मिसेलानिआ' ग्रंथांत त्यानें किकेरोच्या पत्रांच्या हस्तलिखितांचा विचार केला आहे. एक प्रत अतिप्राचीन. दुसरी तिजवरून उतरलेली. या दुसरीच्या बांधणींत पानांच्या कांहीं जुड्या चुकून मागेंपुढें झाल्या होत्या. नंतरच्या प्रतींत तोच क्रमभंग सलग मजकुरांत उतरलेला आढळला. अर्थात् त्या सर्व दुसऱ्या प्रतीच्याच संतती, व म्हणून त्यांची स्वतंत्र साक्ष शून्य. दहा नकला एकाच मुळावरून झाल्या असतील तर साक्षीदार एकच, हें त्यानें बांधणाऱ्याच्या एका चुकीवरून दाखविलें. हस्तलिखितांची वंशावळ लावण्याची हीच दृष्टि पुढें शास्त्ररूपास आली, आणि पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत डॉ. सुकथनकर यांनीं १९३३ सालीं पुऱ्या केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तींत ती आपल्या महाभारतास लागू झालेली दिसते.

येथें स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. तरुणपणीं एका जुन्या पोथीचीं सुटीं पानें माझ्या हातीं आलीं. क्रम विस्कटलेला होता. मीं तीं मोठ्या हौसेनें नीट लावलीं व नव्या रुमालांत बांधलीं. पूर्वीचा क्रम टिपून ठेविला नाहीं. कांहीं वर्षांनीं दुसऱ्या गांवीं त्याच ग्रंथाची एक नक्कल पाहण्यांत आली. तींत मजकूर मध्येंच तुटे व भलत्याच ठिकाणीं जुळे. ती माझ्या पोथीवरून झाली होती काय? या प्रश्नाचें उत्तर त्या विस्कटलेल्या पानांत होतें, आणि तें मींच पुसून टाकलें होतें.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंती इतकीच, कीं पोथी हातीं येतांच ती सुधारूं नये. पानें कोणत्या क्रमानें आलीं, कोणत्या रुमालांत व कोणाच्या घरीं होतीं, हें आधीं लिहून ठेवावें. बुचेल्लीच्या भिंतीसारखा सुंदर संग्रह करणें सोपें आहे. पोलित्सियानोस उपयोगी पडेल असा संग्रह करणें कठीण, परंतु खरें कार्य तेंच होय.