ऊस वाहतूक : ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर नेताना घ्यावयाची काळजी

गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली अनेकदा अंधारातच कारखान्याकडे निघते. त्याच रस्त्यावर दुचाकीस्वार, पायी जाणारे मजूर आणि बैलगाड्याही असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. ट्रॉली उशिरा दिसली तर ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तुमची ट्रॉली लांबून दिसली पाहिजे.

निघण्यापूर्वी :
• ट्रॉलीच्या मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. त्यावरचा चिखल पुसावा. मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर झाकणारा ऊस छाटावा.
• ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडल एकमेकांना जोडून लॉक करावीत. शेतात वळताना ती वेगळी ठेवतात. रस्त्यावर एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो.

रस्त्यावर :
• उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रल करू नये; भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते.
• मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत. मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही.
• वळताना आधी इंडिकेटर द्यावा, मागे पाहावे, मगच वळावे.

ट्रॉली बंद पडल्यास ती शक्यतो रस्त्याच्या पूर्ण बाजूला घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा. चाकाला लावलेले दगड निघताना आठवणीने उचलावेत. तुम्ही गेल्यावर अंधारात त्याच दगडांवरून दुचाकी घसरते.