चाकावरची रोजीरोटी (भाग ६) : धडक गाडीला, कपात पगाराला

मागच्या भागात टेम्पोचालकाच्या पगाराचा हिशेब मांडला होता. त्यातली एक रक्कम या आठवड्यासाठी राखून ठेवली होती: अपघातानंतर होणारी कपात.

दूध, पाव, सिलिंडर, कुरिअर पोहोचवणाऱ्या छोट्या गाडीला अपघात झाला, की अनेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, गाडीला किती लागलं? चालकाचं नंतर. गॅरेजचं बिल आलं की ते उचल म्हणून चालकाच्या नावावर चढतं आणि महिन्यामागून महिने पगारातून वळतं होत राहतं. काम सोडू म्हटलं, तर आधी बाकी फेड.

गाडीचा विमा असूनही हे का घडतं? कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला, की मालकाचा नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं क्लेम न करणाऱ्याला विम्याच्या हप्त्यावरची ही सूट ५० टक्क्यांपर्यंत मिळते. ती वाचवण्यासाठी दुरुस्तीचा खर्च चालकाच्या माथी मारला जातो. सूट मालकाच्या खिशात आणि भुर्दंड चालकाच्या, हा उघड अन्याय आहे. कायद्यालाही अशी परस्पर कपात मान्य नाही. वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी पगार कापण्याआधी ते नुकसान कामगाराच्याच हलगर्जीपणामुळे झालं हे दाखवावं लागतं, त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळूनही पगाराच्या निम्म्यापलीकडे जाता येत नाही.

आता माणसाच्या जखमेकडे येऊ. काम करताना कामगार जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा नियम आपल्याकडे १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. या नियमाचा गाभा फार थोड्या चालकांना माहीत असतो: इथे चूक कोणाची हे सहसा पाहिलं जात नाही. वळण चुकलं, डुलकी लागली, तरी भरपाईचा हक्क राहतो. दारू पिऊन गाडी चालवणं असे मोजके अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू होत नाहीत. हात मोडून घरी बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मिळायला हवा. मालकाने महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. जिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे, तिथे हे पैसे त्या विमा महामंडळाकडून मिळतात.

मालकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यातच पगारी चालकाबद्दलची ही जबाबदारी धरलेली असते. म्हणजे वेळेत कळवलं तर भरपाई विमा कंपनी भरते. दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केलं आहे.

पहाटे गाडी ताब्यात घ्यायला निघालेला चालक वाटेतच पडला तर? महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना अपघातात गेला. नोकरीशी संबंध दिसत असेल तर असा अपघातही कामावरचाच, असा निकाल त्याच्या कुटुंबाला जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळाला. बावीस वर्षं लागली.

ॲपवरून काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांना हे संरक्षण इतक्या सहज मिळत नाही, कारण संहितेने त्यांना नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर ठेवलं आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. पण पाय प्लास्टरमध्ये असताना आयडी बंद झाला, तर त्या महिन्याचं घरभाडं त्यातून सुटत नाही. त्यांच्यासाठी पुढचा भाग स्वतंत्र ठेवला आहे.

तोवर चालक बंधूंना एवढीच विनंती: अपघाताची पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपा, मालकाला लेखी कळवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘माझी काही तक्रार नाही’ असं आधीच लिहून दिलं असेल, तरी घाबरू नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती हातची जाऊ देऊ नका.