एकाच दप्तराचे अनेक उतारे

"काका, पोरीच्या रक्तात खोट निघाली. आता सोयरीक मोडणार!" पोलादपूरहून पुतण्याचा फोन आला आणि मी महाडच्या एस.टी. स्टँडकडे निघालो. निवृत्त शास्त्रशिक्षकाला घरात अशी कामे लागतातच.

फिक्की दिसते म्हणून नातीला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आता कागदावर होते : ‘थॅलेसेमिया मायनर’.

मी पुतण्याला विचारले, "सातबारा मागितलास, तर तलाठी मूळ दप्तर हातात देतो का?"

"छे, उतारा देतो."

पेशीतही तसेच असते. जनुक हे मूळ दप्तर. त्याचा उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्यावरून प्रथिन बनते. मात्र दप्तरात मधेमधे प्रथिनासाठी न लागणारा मजकूरही असतो. तो कापून उरलेला जोडला, की उतारा पक्का. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांना ही खंडित जनुके १९७७ साली आढळली. १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. कापण्या-जोडण्याची तऱ्हा बदलली, की एकाच जनुकाचे वेगवेगळे उतारे निघतात. एकच जनुक थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन देते, तर मज्जापेशीत निराळेच प्रथिन. म्हणून तर प्रथिने घडवणाऱ्या वीसेक हजार जनुकांवर आपला एवढा संसार चालतो!

पण कापण्याची खूणच बिघडली तर? भारतातील बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा दोष हाच. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात, वगळायच्या पहिल्या तुकड्यातले पाचवे अक्षर बदलते. कात्री भलतीकडे चालते आणि बहुतेक उतारे फुकट जातात.

जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक चांगली असली तर माणूस धडधाकट जगतो. आपल्या देशात शंभरांत तीन-चार जण असे वाहक आहेत. दोन्ही प्रती बिघडल्या, तर मात्र मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस हा धोका चारात एक.

"मग मुलाचे रक्त तपासले का?" मी विचारले. सगळे गप्प. पोरीला नाकारायला निघालेल्यांना हे सुचलेच नव्हते!

आठवड्याने मुलाचा कागद आला. तो वाहक नव्हता. म्हणजे होणारे मूल फार तर वाहक असेल. दोघेही वाहक निघते, तरी गर्भाची तपासणी लवकर करता येते. पत्रिकेआधी हा कागद पाहायला काय हरकत आहे?

निघताना नात गोळ्यांची डबी घेऊन आली. "आजोबा, ह्या घ्यायच्या?"

"डॉक्टरांना विचार, बाळा. आणि खोट हा शब्द विसर."