नांगराखालून परतलेला माळ

ज्या जमिनीला पीक नाही ती पडीक म्हणून महसुली दप्तरात दाखल करण्याची वहिवाट आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की गवताळ माळ ही निसर्गाची एक स्वयंपूर्ण व्यवस्था असून माळढोकासारखा पक्षी तिच्याच आश्रयाने जगतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अमेरिकेतही निराळे घडले नाही. विस्कॉन्सिनमधील प्रेअरीचे विस्तीर्ण माळ एकोणिसाव्या शतकात वसाहतकऱ्यांच्या नांगराखाली गेले आणि लोहमार्गाच्या कडेला किंवा जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, जिथे फाळ पोहोचला नाही तेवढ्याच जागी, त्यांचे अवशेष कसेबसे तगून राहिले.

मॅडिसन येथील विद्यापीठाने विंग्रा सरोवरालगत संपादन केलेल्या जमिनीवर १९३४ साली वृक्षोद्यानाचे उद्घाटन झाले, तेव्हा देशोदेशीचे वृक्ष ओळीने लावून प्रदर्शन मांडण्यापेक्षा वसाहतपूर्व विस्कॉन्सिनचा एक नमुनाच येथे पुन्हा उभा करावा, असा विचार प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी मांडला. नॉर्मन फॅसेट यांनी आरंभीचे प्रयोग केले. १९३६ पासून थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली, मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी सरकारने काढलेल्या छावणीतील मुलांनी, उरल्यासुरल्या माळांवरून मुळांसकट मातीच्या ढेपा आणून सुमारे सत्तर एकरांच्या त्या जुन्या शेतात लावल्या. वनस्पतिशास्त्राचा गंध नसलेली ही मुलेच त्या माळाचे पहिले विद्यार्थी होत, असे मला वाटते.

लागवड झाली, पण माळ काही होईना. जुन्या कुरणातले केंटकी ब्लूग्रास हे परके गवत थंड वसंतातच तरारून उठे, आणि उन्हाची वाट पाहणारे बिग ब्लूस्टेमसारखे मूळचे गवत त्याच्याखाली दबून जाई. १९४० च्या दशकात जॉन कर्टिस आणि मॅक्स पार्च यांनी काही तुकडे हेतुपुरस्सर जाळून पाहिले; परक्या गवताची ऐन वाढ आगीत सापडली, देशी वनस्पतींचे कोंब मात्र जमिनीखाली सुरक्षित राहिले, आणि काळ्या पडलेल्या मातीला ऊब लागताच त्यांनी उसळी घेतली. हो-चंक आदी मूळ रहिवासी ज्या आगी लावीत, त्या वसाहतकऱ्यांनी बंद पाडल्या होत्या. प्रेअरीला नांगराइतकीच ही मनाईही भोवली होती. (सह्याद्रीतील दरसालच्या वणव्यांचे समर्थन यातून कोणी काढू नये, तेथील झाडोरा, ऋतू आणि आगीची वेळ ही सारीच वेगळी.) या प्रयोगाचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या रानातील गवताची आग विझवताना लिओपोल्ड यांचे हृदयविकाराने निधन झाले, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

पुढे या माळाला कर्टिस यांचेच नाव मिळाले. शेतजमिनीवर शास्त्रीय रीतीने पुन्हा उभारलेल्या माळांत तो सर्वांत जुना मानला जातो. उत्तर-दक्षिण पाने धरणारा कंपास प्लांट येथे विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे, प्रत्यक्ष पाहून ओळखता येतो. तसेच शाळांच्या आवारात माळाचे लहान तुकडे वसवण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना देण्याचा उपक्रमही याच उद्यानातून निघाला. अलीकडे मात्र शेजारच्या महामार्गाकडून आणि वस्त्यांतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर गाळ व पोषकद्रव्ये उतरतात, सखल भागात रीड कॅनरी नावाचे दांडगे गवत माजते; आणि केवळ आगीने ते आटोक्यात येत नसल्यामुळे पाणी अडवण्यासाठी तळ्यांची योजना करावी लागली आहे.